चार मिनिटं अकरा सेकंद

१

सामानाच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती आणि मोठे सर आत मरून पडले होते. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, हिरव्या रंगाचे टवके उडाले होते. सरांच्या मुठीत रिलेचं बॅटन होतं आणि त्याच्या टोकाला तोच हिरवा रंग लागला होता. म्हणजे ते दार वाजवत होते. बाहेर लाउडस्पीकर कोकलत होता, त्यामुळे ते कुणाला ऐकू गेलं नाही, असं आम्ही सगळे समजलो.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. दवाखाना कॉलेजच्या फाटकासमोर आहे. दार उघडं असतं तर माणूस वाचला असता, असंही ते म्हणाले, आणि हे वाक्य त्या दुपारी साऱ्या मैदानावर फिरलं.

मी या कॉलेजात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. तेवढ्या काळात इथे झालेला सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे जाडजूड शब्दकोशाची चोरी, आणि तो मी तिसऱ्या दिवशी वसतिगृहातल्या एका उशीखालून ओढून काढला होता. त्यामुळे लोक मला अजून जरा टरकून असतात. पण ही काही पुस्तकाची चोरी नव्हती. मोठ्या सरांनी या फुटक्या मैदानावर तीस वर्षं पोरं घडवली होती. त्यांचं वार्षिक स्पर्धांच्या दिवशी, सातशे माणसं हजर असताना, असं कोंडून मरणं माझ्या पचनी पडेना.

त्या खोलीची कडी उघडणं आणि लावणं हे काम एकाच माणसाचं होतं. चुनेवाल्याचं.

२

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही पायरीवाले. स्टँडच्या चौथ्या पायरीवर, शर्यतीच्या शेवटच्या रेषेसमोर बसणारे: माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, रिटायर झालेले पोस्टमास्तर, बाजारातले घड्याळजी आणि मी. आमच्यापैकी कुणी सुटलेल्या बसमागेसुद्धा कधी धावलेलं नाही. पण कॉलेजची एकही स्पर्धा आम्ही चुकवलेली नाही. घरच्या लग्नातून उठून मैदानावर आलेली माणसं आहेत ही.

प्रत्येकाकडे किल्लीचं स्टॉपवॉच आणि एक वही. नियम एकच: डोळ्यांनी पाहिलं आणि अंगठ्याने दाबलं तेवढंच वहीत लिहायचं. ऐकीव आकडा चालत नाही, पंचांचा तर नाहीच नाही. दादा या बाबतीत अगदी हट्टी. एकदा ऐन शेवटाला शिंक आली म्हणून त्याने कॉलेजच्या विक्रमाचा रकाना कोरा सोडला, आणि आठवडाभर धड जेवला नाही. आणि जो आकडा घड्याळात आला तो खोडायचाही नाही, मग तो कितीही नकोसा असो.

चारशे मीटरला दोन आकडे. ट्रॅकची एक पूर्ण फेरी असते ती. सुरुवात आणि शेवट आमच्या पायरीसमोर. दोनशेची खूण बरोबर पलीकडच्या बाजूला, सामानाच्या खोलीपाशी. पळणारी तिथून गेली की मधला आकडा घ्यायचा, आणि इकडे रेषेवर आली की शेवटचा. पहिली दोनशे फार जोरात गेली की शेवटी पाय साथ देत नाहीत, म्हणून पळणाऱ्याला मधल्या आकड्याचं फार अप्रूप. मोठे सर तो स्वतः घ्यायचे, खोलीच्या दारात उभे राहून.

यंदा आम्ही पायरीवाले वैतागलो होतो. स्टँडचं छप्पर उडालेलं, म्हणून प्राचार्यांनी पाहुण्यांसाठी मांडव घातला, तो थेट मैदानाच्या मधोमध. पाहुण्यांची तोंडं आमच्याकडे आणि मागे जाड कापडाची भिंत. पलीकडची बाजू गायब. पोस्टमास्तरांनी प्राचार्यांना दोन पानी तक्रार दिली, ती त्यांनी वाचली असेल असं वाटत नाही.

मी त्या दिवशी पायरीवर नव्हते. निकाल लिहायच्या टेबलाशी मला बसवलं होतं, पायरीकडे पाठ करून. तेवढं एक माझं चुकलं.

३

तपासाला आलेल्या फौजदारबाई तिशीच्या आत-बाहेरच्या, कमी बोलणाऱ्या. खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते त्यांनी पहिल्याच वाक्यात कबूल केलं. मला त्या तिथेच आवडल्या.

"मावशी, मला त्या दुपारचं सांगा. पण मी शाळेतली मुलगी आहे असं समजून."

मी सांगितलं. मुलींच्या चारशेच्या आधी अडथळ्यांची शर्यत झाली. त्यासाठी चुनेवाल्याने खोलीतून अडथळे काढले आणि दार उघडंच ठेवून तो गेला. मग इशाऱ्याचं पिस्तूल उडवणारे गणिताचे सर खोलीवर गेले. त्यांची आवाजाची काडतुसं संपली होती. मोठ्या सरांनी ती स्वतःच्या हाताने दिली आणि म्हणाले, आज पोरगी विक्रम मोडणार, मी इथूनच मधला आकडा घेतो. म्हणजे तोवर सर धडधाकट. पाच-सात मिनिटांनी चारशेची शर्यत सुटली. नंतर अर्ध्या तासाने छोटे सर गोळाफेकीचे गोळे परत ठेवायला गेले आणि कडी काढून दार ढकललं, तर ते उघडेना. आत सर आडवे होते.

"छोटे सर म्हणजे मदतनीस? आता मोठ्यांची जागा त्यांना मिळणार?"

"मिळेल. पण शर्यतीत शेवटच्या रेषेवरची फीत त्यांच्या हातात होती, आणि नंतर अर्धा तास माझ्या टेबलाशी निकालावर सह्या करत उभे होते. माझ्या पेनाची निब वाकवली त्यांनी."

"आणि चुनेवाला?"

चुनेवाला म्हणजे मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा, अडथळे लावणारा, गवत कापणारा. त्याची मुलगी सुतळी. उंच आणि किडकिडीत म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. त्या दिवशी विक्रम मोडला तो तिनेच. बावीस वर्षांचा विक्रम, आणि तो होता माझ्या भाचीचा. दादाच्या भिंगरीचा.

भिंगरी विक्रम केल्यावर महिन्याभरात सरावात शेवटच्या वळणावर पडली आणि उठली नाही. हृदयात जन्मापासून दोष होता म्हणे. मोठे सर तेव्हा दादाचे हात धरून म्हणाले होते, "पोर काही बोलली नाही हो. हसत पळत होती आणि पडली." त्या एका वाक्यावर दादा बावीस वर्षं जगला. वहिनी तेवढी जगली नाही.

"मावशी," फौजदारबाई म्हणाल्या, "दोन दिवस आधी चुनेवाला सरांवर ओरडला. भर मैदानात. काय म्हणाला?"

ते सगळ्यांनी ऐकलं होतं, लपवून काय करणार. सुतळीचा गुडघा दुखत होता आणि सर तिला सोडत नव्हते. "तो म्हणाला, त्या पोरीचं केलंत तसं माझ्या पोरीचं करू नका."

४

चुनेवाल्याला अडकवलं ते त्याच्याच मुलीने, आणि तेही खरं बोलून.

सुतळीने सांगितलं की दोनशेच्या खुणेवरून जाताना तिला सर दिसले. पांढरी टोपी, हातात घड्याळ, खोलीच्या दारापाशी उभे. पळताना कोण कुणाचं तोंड बघतं, पण सर नेहमी तिथेच असतात, तेव्हा तेच. मग सर शर्यत चालू असताना बाहेर आणि जिवंत होते, आणि कडी लागली ती शर्यत संपल्यावर. शर्यतीनंतर पलीकडच्या बाजूला गेलेला माणूस एकच: निशाणं गोळा करायला गेलेला चुनेवाला.

शर्यतीच्या वेळी तो कुठे होता, तेही कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. मुलगी पळत असली की हा बाबा पाण्याच्या टाकीमागे पाठ करून बसतो, डोळे मिटून. बघवत नाही त्याला. पण पायरीवाल्यांना ठाऊक असणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी त्याला चौकीत भेटले. डोळे सुजलेले, हातांना अजून चुना.

"आत्याबाई, मी कडी लावल्याचं आठवत नाही. पण माझा हात सवयीने जातो. तीस वर्षं दिसली कडी की लाव. लावली असेल मीच. सर आत असतील, मला दिसले नसतील."

"दार वाजलं असतं की."

"स्पीकरवर पोरीचं नाव चाललं होतं. मी दुसरं काही ऐकत नव्हतो." आणि तो रडायला लागला. "मीच मारलं असेल हो त्यांना."

निरपराध माणूस हळूहळू स्वतःला गुन्हेगार समजायला लागतो, हे बघण्यासारखं नाही. महिन्याने आंतरकॉलेज स्पर्धा होत्या. सुतळीने बूट कपाटावर टाकून दिले होते. बापाला मी तुरुंगात घातलं, आता कशाला पळू, असं म्हणायची. मी तिला शब्द दिला की तुझ्या बापाला मी सोडवून आणीन. शब्द देताना माणसाला कुठे ठाऊक असतं की तो कुणावर उलटणार आहे.

निघताना फौजदारबाईंनी मला थांबवलं. "एक गोष्ट खटकते. सरांच्या गळ्यात घड्याळ होतं, ते शून्यावर होतं. सुतळी म्हणते ते आकडा घेत उभे होते. मग आकडा कुठे गेला?"

"पुसला असेल."

"तुमच्यापैकी कुणी लिहायच्या आधी पुसतं का?"

नाही. कुणीच नाही.

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी आमच्या वह्या मागवल्या, फोनमध्ये पानांचे फोटो काढले आणि परत दिल्या. दोन दिवसांनी माझ्या घरी आल्या. दादा घड्याळजींकडे गेला होता.

"त्या शर्यतीला पोस्टमास्तर अठ्ठावन्न पॉइंट तीन सेकंद, घड्याळजी अठ्ठावन्न दोन. तुमच्या भावाचा शेवटचा रकाना कोरा. का?"

मला बरा वाटला नाही हा प्रश्न. "बाई, लेकीचा विक्रम मोडला जात होता. बावीस वर्षं ते नाव फळ्यावर होतं. अंगठा हलला नसेल त्याचा."

"ते तेव्हा पायरीवर होते?"

"वरच्या, शेवटच्या पायरीवर गेला होता. पोस्टमास्तरांना म्हणाला, आज मला एकट्यालाच उभं राहू द्या. त्यांनीही मागे वळून पाहिलं नाही. कोण पाहील?"

बाईंनी मान हलवली. मग फोन पुढे केला. वहीचं शेवटचं, आतलं पुठ्ठ्याचं पान. त्यावर दादाच्या टोकदार अक्षरात एकच नोंद, ना नाव, ना शर्यत: ४:११.

"ही कसली वेळ?"

"पंधराशे मीटर," मी पटकन म्हटलं. "चांगला मुलगा तेवढ्यात पळतो."

"कुठल्या दिवशीची?"

वही त्याने त्या सकाळीच नवी सुरू केली होती. पंधराशेची शर्यत दुसऱ्या दिवशी होती, आणि ती कधी झालीच नाही.

६

त्याच संध्याकाळी सुतळी आली. दारातच उभी, आत यायला तयार नाही. मी ओढून बसवलं. दादा खुर्चीत वर्तमानपत्र धरून होता. वाचत नव्हता, हे मला पान उलटत नव्हतं त्यावरून कळत होतं. सर गेल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. मी समजले, मित्र गेला.

"आत्या, मला एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "माझा मधला आकडा कुणाकडेच नाही. सरांचं घड्याळ शून्यावर निघालं. पोस्टमास्तर म्हणाले, मांडव आडवा होता. विक्रम मोडला पण तो मोडला कसा, तेच मला कळणार नाही आता. सर असते तर..."

मग वर्तमानपत्रामागून दादा म्हणाला, "सत्तावीस आठ."

पोरीने डोळे पुसले. "सत्तावीस आठ? काका, फारच जोरात गेले मी. म्हणून शेवटी पाय जड झाले."

"अठ्ठावीसच्या आत जायचं नाही पहिल्या दोनशेला. ध्यानात ठेव."

ती गेली ती जरा सरळ चालत गेली. मी तिला फाटकापर्यंत सोडून परत आले तेव्हा दादा मोरीत कप विसळत होता. तीन कप, आणि विसळतोय, विसळतोय. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले. मांडव आडवा होता. दोनशेची खूण आम्हा कुणाला दिसत नव्हती.

सकाळी तो आंघोळीला गेला तशी मी वही उघडली. पोस्टमास्तर आणि घड्याळजींकडे शेवट होता, मधला आकडा नव्हता. दादाकडे मधला आकडा होता, शेवट नव्हता.

७

स्वतःलाच फसवायचं तर एक वाट उरली होती. तो शेवटच्या पायरीवर होता. तिथून मांडवाच्या वरून पलीकडचं दिसत असेल. पोलिसांनी मांडव हलवू दिला नव्हता. गुडघ्यांना शिव्या घालत मी बावीस पायऱ्या चढले.

वर फौजदारबाई आधीच उभ्या होत्या.

"तुम्हीही तेच बघायला आलात वाटतं," त्या म्हणाल्या.

समोर कापड. पांढरं, जाड, टोकापासून टोकापर्यंत. सामानाच्या खोलीचं कौलसुद्धा दिसत नव्हतं. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला वाटलं, आता गप्प बसावं. मी गप्प बसले तर या बाईला काही कळणार नव्हतं. खेळातलं ओ की ठो कळत नाही हिला. दादा माझा एकुलता एक भाऊ, आणि वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच. पण चौकीत एक माणूस हातांचा चुनासुद्धा न धुता बसला होता, आणि त्याच्या मुलीला मी शब्द दिला होता.

"बाई," मी म्हटलं, "त्याच्या मधल्या रकान्यात सत्तावीस आठ आहे."

"पाहिलं होतं. मला वाटलं, दुसऱ्याच कशाचं."

"तो आकडा फक्त पलीकडे उभं राहून मिळतो. खोलीच्या दारात. आणि तिथून शेवटची रेषा दिसत नाही, मधे मांडव. म्हणून शेवट कोरा."

त्या हळूहळू बोलायला लागल्या, एकेक वीट ठेवल्यासारख्या. "म्हणजे सुतळीने पाहिलेला माणूस सर नव्हेत. त्या दिवशी पांढऱ्या टोप्या सगळ्यांना वाटल्या होत्या. सर तेव्हा आत होते, म्हणून त्यांचं घड्याळ शून्यावर. कडी शर्यतीनंतर नाही, शर्यतीच्या आधी लागली. काडतुसं दिल्यावर, इशारा होण्यापूर्वी. तेव्हा चुनेवाला टाकीमागे डोळे मिटून बसला होता, आणि अडथळे काढून त्याला बराच वेळ झाला होता." त्या थांबल्या. "पण मावशी, खोटंच बोलायचं तर तुमच्या भावाने वहीत अठ्ठावन्न तीन लिहून टाकायचं. स्पीकरवर सांगितलं होतं. कुणाला संशय आला नसता."

"तो तुमच्याशी खोटं बोलेल," मी म्हटलं. "पायरीवर होतो म्हणून माझ्याशीही खोटं बोलला. वहीत नाही लिहिणार."

"आणि चार अकरा?"

ते मला तेव्हाच कळलं. मी त्या पायरीवर बसले.

८

दादाने काही नाकारलं नाही. फौजदारबाई समोरच्या खुर्चीत, मी खिडकीपाशी. त्याने वही आणून टेबलावर ठेवली, घड्याळ तिच्यावर ठेवलं.

"सरांनी मला शर्यतीआधी बोलावून घेतलं. चुनेवाला ओरडला होता ते त्यांना लागलं होतं. म्हणाले, बावीस वर्षं सांगायचं राहिलंय. तुझी पोर त्या दिवशी माझ्याकडे आली होती. सर, छातीत आवळतंय, बसू का, म्हणाली. मी म्हटलं, एक फेरी मार, मग बस."

मी खिडकीचा गज धरला. भिंगरीला बसायचं होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आजही मी ते वाक्य पुरतं ऐकून घेऊ शकत नाही.

"सांगता सांगताच त्यांनी छातीवर हात ठेवला," दादा म्हणाला. "खाली बसले. मला म्हणाले, डॉक्टरला बोलाव. मी बाहेर आलो. खरंच बोलवायला आलो होतो. आणि हाताने कडी लावली."

"का?" बाईंनी विचारलं.

"एक फेरी थांबा म्हटलं. तिला सांगितलंत तसं. एक फेरी होऊ दे, मग उघडतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तेवढ्यात इशारा झाला आणि माझ्या अंगठ्याने घड्याळ सुरू केलं. सवय. सुतळी दोनशेला आली, आकडा घेतला. आत दार वाजत होतं. मग स्पीकरवर विक्रम मोडल्याचं सांगितलं, म्हणजे फेरी संपली होती. मला उघडायचं होतं. पण भिंगरीचं नाव पुसलं गेलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. घड्याळ चालूच होतं. मग वाजायचं थांबलं."

"तेव्हा तुम्ही घड्याळ थांबवलंत."

"हो."

"चार मिनिटं अकरा सेकंद."

"घड्याळात आलं ते वहीत," दादा म्हणाला.

बाईंनी वही उचलली. चुनेवाला तिथे कुजतोय हे ठाऊक असून तू आठ दिवस वर्तमानपत्र धरून बसलास, हे मला ओरडून सांगायचं होतं. त्याला जवळही घ्यायचं होतं. यांतलं एकही झालं नाही. त्याने चपला घातल्या आणि जिना उतरताना नेहमीसारखं विचारलं, किल्ली घेतलीस ना.

९

चुनेवाला सुटून आला त्या दिवशी त्याने आधी मैदानावर जाऊन रेघा मारल्या. सामानाच्या खोलीला आता कडी नाही; त्यानेच ती उपटून काढली.

आंतरकॉलेज स्पर्धा दुसऱ्या गावी होत्या. पोस्टमास्तर आणि घड्याळजी रेषेसमोर बसले. मी घड्याळजींकडून एक स्टॉपवॉच मागून घेतलं आणि चालत पलीकडे, दोनशेच्या खुणेपाशी जाऊन उभी राहिले. तिथे मांडव नव्हता, सगळं लख्ख दिसत होतं. चुनेवाला स्वच्छतागृहाच्या भिंतीमागे पाठ करून बसला होता. सुतळी माझ्यासमोरून गेली तेव्हा मी अंगठा दाबला. तिने ऐकलं होतं. जपून गेली होती. शेवटच्या वळणावर तिचे पाय जड झाले नाहीत. दुसरी आली, पण स्वतःच्या विक्रमापेक्षा जलद. मी तिला आकडा सांगितला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि तो आकडा तिचा होता, तिला मिळाला.

पुढच्या आठवड्यात मी दादाला भेटायला गेले. मधे जाळी. तो वाळला होता. त्याने माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं, पोस्टमास्तरांच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारलं. मग जाळीच्या जवळ सरकला, आणि त्याचा अंगठा जाळीवर आपोआप हलत होता.

"सुतळीचा मधला आकडा किती?"

आकडा माझ्या पर्समध्ये, वहीच्या पहिल्या पानावर होता. मला पाठही होता. साठ वर्षांत मी या माणसापासून काही लपवलं नव्हतं आणि त्याच्यावर माझी माया आटली आहे असंही नाही. पण मला ते हिरवे टवके दिसत होते, आणि एका बाकावर बसू का असं विचारणारी भिंगरी दिसत होती, आणि हातांना चुना लागलेला तो माणूस दिसत होता.

"मला नाही दिसलं," मी म्हटलं. "मांडव आडवा होता."